हाशिमोतो : आजाराच्या नावामागचा माणूस

नावडे, प्रतिनिधी : 'थायरॉइडची गोळी' हा शब्द आता नावडे, तळोजे, कळंबोली आणि खारघर परिसरातील गावठाणांत आणि नव्या इमारतींत सारखाच परिचित झाला आहे. सकाळी उपाशीपोटी ही गोळी घेणाऱ्या अनेक स्त्रियांच्या केसपेपरवर एक जपानी नाव लिहिलेले असते. ते नाव काहींना आजाराचे वाटते, काहींना औषधाचे. ते एका माणसाचे आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. डॉ. हाकारु हाशिमोतो हे ते नाव. आपल्याकडील डॉक्टर त्याचा उच्चार 'हाशिमोटो' असा करतात. ऐन तिशीत या शल्यविशारदाने चार स्त्रियांच्या गळ्यातील ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासल्या, त्यांवर एक निबंध लिहिला आणि पुढचे सारे आयुष्य आपल्या गावाकडे रुग्णसेवेत घालवले. मायदेशात त्यांना या कामाचे श्रेय मिळाले ते मृत्यूनंतर. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवावर उलटते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने मान्य केली तीही प्रामुख्याने त्यांनीच वर्णन केलेल्या या आजाराच्या अभ्यासातून.

वैद्यांच्या घराण्यातील मुलगा

हाकारु हाशिमोतो यांचा जन्म ५ मे १८८१ रोजी जपानच्या मिए प्रांतातील इगा भागात मिदाई या खेड्यात झाला. डोंगरांनी वेढलेला हा भाग जपानी लोकांना दोन कारणांसाठी ठाऊक आहे. एक म्हणजे निन्जा या नावाने ओळखले जाणारे जुने हेर आणि दुसरे म्हणजे महाकवी बाशो. मराठीत शिरीष पै यांनी रुजवलेल्या हायकू या काव्यप्रकाराला जपानमध्ये ज्याने उंचीवर नेले, तो बाशो १६४४ मध्ये याच इगाच्या मातीत जन्मला. हाशिमोतो यांच्या घराण्यात वैद्यकी पिढीजात होती. त्यांचे आजोबा त्या भागातील नामांकित वैद्य होते. नातवाने हाच मार्ग धरावा, हे घरच्या वातावरणातच ठरून गेलेले होते.

तो काळ जपानच्या झपाट्याने बदलण्याचा होता. मेइजी राजवटीत जपानने पाश्चात्त्य विद्या आत्मसात करण्याचा निर्धार केला होता आणि वैद्यकाच्या बाबतीत आदर्श म्हणून जर्मनीची निवड केली होती. जपानी डॉक्टर जर्मन ग्रंथ वाचत, जर्मन भाषेत निबंध लिहीत आणि संधी मिळताच जर्मनीला जात. भारतात त्याच काळात वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून चालत होते. परक्या भाषेतून शास्त्र शिकण्याचा हा अनुभव दोन्ही देशांना सारखाच होता. फरक इतकाच, की जपानने ती भाषा स्वतः निवडली होती.

क्योतो येथील उच्च विद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर हाशिमोतो यांनी १९०३ मध्ये फुकुओका येथे नव्याने सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. हे महाविद्यालय तेव्हा क्योतो विद्यापीठाची शाखा होते. पुढे १९११ मध्ये ते क्यूशू विद्यापीठाचा भाग झाले. १९०७ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडीत हाशिमोतो होते.

फुकुओकातील शल्यविभाग

पदवीनंतर ते त्याच संस्थेच्या शल्यचिकित्सा विभागात रुजू झाले. विभागाचे प्रमुख होते प्रा. हायारी मियाके. मियाके यांनी जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे त्या काळचे विख्यात शल्यविशारद मिकुलिच यांच्या हाताखाली शिक्षण घेतले होते आणि जपानी शल्यशास्त्राच्या अग्रणींमध्ये त्यांची गणना होत असे. १९२२ मध्ये जपानला निघालेले आल्बर्ट आइनस्टाइन बोटीवर आजारी पडले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारे सहप्रवासी डॉक्टर हेच मियाके. गुरू असा तोलामोलाचा असल्याने शस्त्रक्रियेत काढलेला प्रत्येक अवयव प्रयोगशाळेत तपासायचा, ही शिस्त विभागात भिनलेली होती.

याच विभागातील चार रुग्णांच्या थायरॉइड ग्रंथींनी हाशिमोतो यांचे लक्ष वेधले. मराठीत अवटू ग्रंथी म्हणून ओळखली जाणारी ही ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खाली, फुलपाखरासारखी पसरलेली असते. ती वाढली की गळ्याशी गाठ दिसते. त्यालाच आपण गलगंड म्हणतो. गलगंडाची शस्त्रक्रिया तेव्हा नवी राहिलेली नव्हती. स्वित्झर्लंडचे थिओडोर कोखर यांना थायरॉइडवरील कार्यासाठी १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते. फुकुओकातील या चारही रुग्ण स्त्रिया होत्या, चाळिशी उलटलेल्या होत्या आणि चौघींच्या गळ्यातील वाढलेल्या ग्रंथीचा भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला होता.

वरवर पाहता हा नेहमीचा गलगंड होता. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र चित्र वेगळे होते. निरोगी थायरॉइडमध्ये लहान लहान गोल पिशव्या असतात आणि त्यांत संप्रेरकाचा साठा असतो. या ग्रंथींमध्ये त्या पिशव्यांच्या जागी लसिका पेशींची गर्दी झालेली होती. या पेशी रक्तात आणि लसिका गाठींत असतात आणि रोगजंतूंशी लढणे हे त्यांचे काम असते. इथे तर जंतूंचा मागमूसही नव्हता. तरीही या लढाऊ पेशींनी ग्रंथीत आपली ठाणी वसवली होती, अगदी लसिका गाठीत असावीत तशी. ग्रंथीच्या मूळच्या पेशींचे रूप पालटले होते आणि त्यांच्या मधल्या जागेत तंतुमय ऊती पसरली होती.

तीस पानांचा निबंध

हे काय असावे, याचा शोध हाशिमोतो यांनी पद्धतशीरपणे घेतला. क्षयरोग आणि उपदंश या त्या काळातील दोन मोठ्या रोगांच्या खुणा त्यांना सापडल्या नाहीत. डोळे बटबटीत दिसणे, छातीत धडधडणे, वजन घटणे ही ज्याची लक्षणे, त्या ग्रेव्ह्ज आजाराशीही चित्र जुळेना. जर्मनीतील रीडेल यांनी १८९६ मध्ये थायरॉइड लोखंडासारखी टणक होण्याचा एक दुर्मिळ विकार नोंदवला होता. त्यात ग्रंथी शेजारच्या स्नायूंना घट्ट चिकटते. या चौघींच्या ग्रंथी तशा चिकटलेल्या नव्हत्या. एकेक शक्यता बाजूला सारत ते अखेर एका निष्कर्षाला आले. हा आजार तोवर कोणीही नोंदवलेला नव्हता. त्यांनी त्याला लसिका पेशींनी भरलेला गलगंड अशा अर्थाचे नाव दिले : स्ट्रुमा लिम्फोमॅटोसा.

त्यांचा निबंध १९१२ मध्ये बर्लिनहून निघणाऱ्या शल्यशास्त्राच्या प्रतिष्ठित जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तीस पानांच्या त्या निबंधात आकृत्या होत्या आणि चारही रुग्णांच्या सविस्तर नोंदी होत्या. लसिका पेशींची ठाणी, ग्रंथीच्या पेशींतील बदल, तंतूंची वाढ आणि सर्वत्र पसरलेल्या गोल पेशी ही चार वैशिष्ट्ये त्यांनी नेमकेपणाने मांडली. शंभरहून अधिक वर्षांनंतरही या आजाराचे ऊतिपरीक्षण करताना विकृतिशास्त्रज्ञ याच खुणा शोधतात. कारण काय, याचे उत्तर हाशिमोतो यांना देता आले नाही. ते देण्याइतके ज्ञान त्या वेळी कुणाकडेच नव्हते.

शरीर स्वतःवर हल्ला करणार नाही, असा त्या काळातील शास्त्रज्ञांचा समज होता. पाउल एर्लिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाने सजीव आत्मघात टाळतात असा सिद्धांत मांडला होता आणि त्याचा दबदबा पुढची कित्येक दशके टिकला. अशा वातावरणात लढाऊ पेशींनी निरोगी ग्रंथीत ठाण मांडले आहे, हे पाहणे आणि ते जसे दिसले तसे लिहून ठेवणे, यालाच मोल होते.

जर्मनी आणि परतीची वाट

निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी हाशिमोतो जर्मनीला गेले. गॉटिंगेन विद्यापीठात प्रा. एडुआर्ड काउफमान यांच्याकडे त्यांनी विकृतिशास्त्राचा अभ्यास सुरू केला. काउफमान यांचा या विषयावरील ग्रंथ तेव्हा प्रमाण मानला जात असे. तरुण संशोधकाला याहून चांगली संधी मिळणे कठीण होते. परंतु १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. जपान जर्मनीविरुद्ध युद्धात उतरला आणि जपानी विद्यार्थ्यांना जर्मनी सोडावी लागली. हाशिमोतो यांचे परदेशातील संशोधन तेथेच थांबले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी विद्यापीठाची वाट धरली नाही. १९१६ मध्ये ते इगा येथे स्थायिक झाले आणि घराण्याची वैद्यकी त्यांनी पुढे चालवली. प्रयोगशाळा मागे पडली आणि दवाखाना सुरू झाला. शल्यविशारद म्हणून पंचक्रोशीत त्यांचा लौकिक झाला. शस्त्रक्रिया करणे, रुग्णाच्या घरी जाऊन तपासणे, साथीच्या दिवसांत रात्रीअपरात्री धावून जाणे, असा त्यांचा दिनक्रम राहिला. आपल्याकडील तालुक्याच्या गावी एकेका डॉक्टरने तीस-चाळीस वर्षे सारा पट्टा सांभाळल्याची उदाहरणे जुन्या पिढीला आठवतात. हाशिमोतो हे त्याच परंपरेतले. थायरॉइडवर त्यांनी पुन्हा काही लिहिले नाही.

१९३४ च्या हिवाळ्यात विषमज्वराच्या एका रुग्णावर उपचार करताना त्यांना स्वतःलाच संसर्ग झाला. त्या वेळी विषमज्वरावर गुणकारी औषध नव्हते. क्लोरॅम्फेनिकॉल हे पहिले प्रभावी प्रतिजैविक हाती यायला १९४८ उजाडावे लागले. ९ जानेवारी १९३४ रोजी हाशिमोतो यांचे निधन झाले. तेव्हा ते ५२ वर्षांचे होते.

नाव उशिरा आले

दरम्यान त्यांचा निबंध पाश्चात्त्य जगात मतभेदाचा विषय झाला होता. हा वेगळा आजार नसून रीडेल यांनी वर्णन केलेल्या विकाराचीच पहिली पायरी आहे, असे अमेरिकेचे जेम्स युइंग यांच्यासारख्या दिग्गजाने १९२२ मध्ये मांडले. त्या मताचे वजन इतके होते की हाशिमोतो यांचा शोध पुसला जाण्याची वेळ आली. १९३१ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील ॲलन ग्रॅहॅम आणि मॅककुला यांनी रुग्णांचा नव्याने अभ्यास करून हे दोन आजार भिन्न असल्याचे दाखवून दिले आणि आपल्या निबंधाच्या शीर्षकातच हाशिमोतो यांचे नाव घातले. १९३९ मध्ये लंडनचे थायरॉइड शल्यविशारद सेसिल जोल यांनी 'हाशिमोटोचा आजार' हेच शीर्षक वापरून विस्तृत लेख लिहिला आणि हे नाव रूढ झाले. तोवर हाशिमोतो यांना जाऊन पाच वर्षे झाली होती. जपानमध्ये या नावाची खरी ओळख पटली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, तीही परदेशी पुस्तकांतून.

यानंतरही एक प्रश्न उरलाच होता. लसिका पेशी ग्रंथीत कशासाठी येतात? याचे उत्तर १९५६ या एकाच वर्षी दोन ठिकाणांहून आले. अमेरिकेतील बफेलो येथे नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांना थायरॉइडचा अर्क टोचला, तेव्हा त्यांच्या शरीरात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि ग्रंथीत लसिका पेशी जमल्या. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात डेबोरा डोनियॅक, आयव्हन रॉइट आणि पीटर कॅम्पबेल यांनी या आजाराच्या रुग्णांचे रक्तद्रव थायरॉइडच्या अर्काशी एकत्र केले, तेव्हा त्यांत साका धरला. रुग्णांच्या रक्तातच आपल्या ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे असल्याचे सिद्ध झाले. प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवावर उलटू शकते, याचा हा माणसांमधील पहिला ठोस पुरावा मानला जातो. एर्लिख यांच्या सिद्धांताचा दबदबा तेथे संपला. लहान वयातील मधुमेह, संधिवाताचे काही प्रकार, कोड अशा अनेक आजारांकडे पाहण्याची दृष्टी त्यानंतर बदलली.

आजार होतो कसा

हाशिमोतो यांनी पाहिलेले चित्र आज उलगडून सांगता येते. ज्यांच्या आनुवंशिकतेत या आजाराकडे कल असतो, त्यांच्यापैकी काहींची प्रतिकारशक्ती थायरॉइडच्या पेशींना परके समजू लागते. लसिका पेशी ग्रंथीत शिरतात आणि तिच्या पेशी हळूहळू नष्ट करतात. ही प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते आणि ती दुखत नाही. त्यामुळे ती सुरू झाल्याचे कळतच नाही. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत हा आजार सात ते दहा पट अधिक आढळतो. आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला थायरॉइडचा विकार असेल, तर शक्यता वाढते. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास तो विशेषकरून डोके वर काढतो.

थायरॉइडचे संप्रेरक शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीचा वेग ठरवते. ते कमी पडले की सारेच मंदावते. थकवा जात नाही, अंग जड वाटते, थोडीशी थंडीही सोसत नाही. वजन वाढते, बद्धकोष्ठ होते, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, आवाज घोगरा होतो, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. नाडी संथ होते, विसरभोळेपणा वाढतो, मन उदास राहते. पाळीत रक्तस्राव अधिक होतो, गर्भधारणेत अडचणी येतात. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते. काहींच्या गळ्याशी गाठ दिसते, काहींची ग्रंथी उलट आक्रसते. आजाराच्या प्रारंभी नष्ट होणाऱ्या पेशींतून संप्रेरक एकदम बाहेर पडले, तर काही आठवडे धडधड आणि घाम ही उलटी लक्षणेही दिसतात.

यांतील एकही लक्षण असे नाही की जे घरकाम, नोकरी आणि लोकलचा प्रवास सांभाळणाऱ्या बाईला सहज लागू पडणार नाही. नेमका येथेच धोका आहे. वयाचा परिणाम, कामाचा ताण, आळस किंवा मनाचा खेळ असे म्हणून ही तक्रार घरात आणि कधी दवाखान्यातही बाजूला सारली जाते. उपचाराविना वर्षे गेली तर हृदयाभोवती पाणी साचू शकते आणि क्वचित रुग्ण बेशुद्धावस्थेत जाण्याइतकी स्थिती गंभीर होते.

निदान रक्ताच्या साध्या तपासणीने होते. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी थायरॉइडला काम करण्याचा संदेश टीएसएच या संप्रेरकाद्वारे पाठवते. थायरॉइड कमी पडू लागली की हा संदेश वाढतो. म्हणून टीएसएच वाढलेले दिसते आणि पुढे टी-४ घटते. प्रतिकारशक्तीचा हल्ला आहे का, हे अँटी-टीपीओ या प्रतिपिंडांच्या तपासणीतून कळते. हाशिमोतोच्या बहुतांश रुग्णांत ती आढळतात. मात्र प्रतिपिंडे सापडली आणि टीएसएच योग्य असले, तर सहसा गोळी लागत नाही. ठरावीक काळाने पुन्हा तपासणी केली की पुरे. प्रतिपिंडांची तपासणी वारंवार करण्यातही काही हशील नाही, कारण तिच्यावरून गोळीची मात्रा ठरत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे. त्यांमुळे तपासणीचे आकडे चुकू शकतात.

गोळीचा इतिहास आणि शिस्त

हाशिमोतो यांच्या चार रुग्णांना शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. आज या आजारात शस्त्रक्रिया क्वचितच लागते. ग्रंथीचा श्वासनलिकेवर दाब पडत असेल, कर्करोगाचा संशय असेल किंवा गाठ अचानक झपाट्याने वाढत असेल तेव्हाच तिचा विचार होतो. बाकीच्यांचे काम गोळीवर भागते. या गोळीचा उगम हाशिमोतो यांच्या निबंधाच्याही आधीचा आहे. इंग्लंडचे जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका रुग्ण स्त्रीला बरे केले होते. ती त्यानंतर २८ वर्षे जगली. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेचे एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले आणि १९२७ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन व जॉर्ज बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवले. आजची लेव्होथायरॉक्सिनची गोळी हे तेच संप्रेरक आहे. शरीर जे बनवू शकत नाही, ते बाहेरून देणे एवढाच तिचा अर्थ.

ही गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्य तर तासभर चहा-कॉफी किंवा न्याहारी घेऊ नये. उठल्या उठल्या चहा लागणाऱ्या आपल्या घरांत हीच अट सर्वाधिक मोडली जाते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. अन्यथा औषध आतड्यात शोषले जात नाही आणि मात्रा विनाकारण वाढवावी लागते. मात्रा बदलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासतात, कारण शरीर स्थिरावायला तेवढा काळ लागतो. कोकणातील पावसाळी दमट हवेत गोळ्यांची बाटली किंवा पट्टी कोरड्या जागी ठेवावी.

बरे वाटले म्हणून गोळी परस्पर बंद करणे, ही सर्वांत मोठी चूक ठरते. ग्रंथीच्या नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत; बरे वाटते ते गोळीमुळेच. दुसरीकडे, वजन उतरावे म्हणून मात्रा वाढवणेही घातक आहे. जादा संप्रेरकाने हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात. गर्भवती स्त्रीने तर दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते आणि बहुतेकींची मात्रा या काळात वाढवावी लागते.

आहाराबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. आयोडिनयुक्त मीठ वापरणे थांबवण्याची गरज नाही. भारतात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला आणि आयोडिनविरहित खाण्याच्या मिठाच्या विक्रीवर २००६ पासून पुन्हा बंदी आहे. आयोडिनच्या अभावाने होणारा गलगंड त्यामुळे घटला. हाशिमोतोचा आजार मात्र आयोडिनच्या अभावातून होत नाही. उलट आयोडिनचे प्रमाण फार वाढले, तर तो बळावू शकतो. म्हणून समुद्रशैवालाच्या किंवा आयोडिनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. कोबी-फ्लॉवर शिजवून प्रमाणात खाण्यास हरकत नाही.

प्रतिकारशक्तीचा हल्ला थायरॉइडला नष्ट करण्याऐवजी चेतवू लागला, तर ग्रेव्ह्ज आजार होतो. त्यात गोळ्या, शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडिन हे उपाय आहेत. या तिसऱ्या उपायाशी मुंबई परिसराचा जुना संबंध आहे. परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून थायरॉइडच्या रुग्णांसाठी काम करीत आले आहे आणि वैद्यकीय उपयोगाची किरणोत्सारी द्रव्ये पुरवणाऱ्या 'ब्रिट' या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेचे संकुल नवी मुंबईत वाशी येथे आहे.

विद्यापीठातील रस्ता

ज्या क्यूशू विद्यापीठाने हाशिमोतो यांना घडवले, त्याच्या वैद्यकीय आवारातील एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. जपानच्या थायरॉइड संघटनेने आपल्या बोधचिन्हात त्यांच्या चेहऱ्याला स्थान दिले आहे. फुकुओकातील त्या चार स्त्रियांची नावे मात्र वैद्यकाच्या ग्रंथांत नाहीत. त्यांच्या गळ्यातून काढलेल्या ऊती नेहमीचा गलगंड म्हणून फेकून दिल्या गेल्या असत्या, तर हा आजार ओळखायला आणखी किती काळ गेला असता, हे सांगता येत नाही.

आता तो ओळखायला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. बहुतेक वेळा रक्ताची एक तपासणी पुरते. महिनोन्‌महिने न जाणारा थकवा, कारण नसताना वाढलेले वजन, गळ्याशी दिसणारी सूज किंवा बाळंतपणानंतर न सावरणारी प्रकृती यांपैकी काहीही असल्यास ती तपासणी करून घेण्यात दिरंगाई करू नये, असा वैद्यकशास्त्राचा स्पष्ट सल्ला आहे. तक्रार घेऊन आलेल्या बाईचे म्हणणे नीट ऐकून घेणे, ही त्याची पहिली पायरी ठरते.